संकेतस्थळावरची वर्दळ मोजताना: पेडणे-डिचोलीतील होतकरूंसाठी

एखाद्या संकेतस्थळावर किती माणसे आली, ती कोठून आली, कोणते पान उघडून किती वेळ थांबली आणि निघण्यापूर्वी चौकशी, आरक्षण किंवा खरेदी यांपैकी काही केले की नुसतेच पाहून गेली, याची नोंद यंत्राने ठेवून तिचा अर्थ लावण्याच्या कामाला वेब अ‍ॅनालिटिक्स म्हणतात. डिजिटल मार्केटिंग, म्हणजे इंटरनेटच्या माध्यमातून मालाची किंवा सेवेची जाहिरात आणि विक्री करण्याचे काम, हा नोकरीचा एक स्वतंत्र मार्ग झाल्यापासून ही सॉफ्टवेअरे हाताळता येतात असे सांगणारी प्रमाणपत्रे मिळवण्याकडे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा ओढा वाढला आहे. प्रमाणपत्र मिळवणे फारसे अवघड नाही आणि पुष्कळदा त्याला पैसेही पडत नाहीत. मात्र बहुतेक जण आधी परीक्षा आणि मग जमले तर काम, असा क्रम धरतात. तो उलटा करावा, म्हणजे ओळखीतल्या एका खऱ्या संकेतस्थळाची आकडेवारी दोन-तीन महिने वाचावी आणि मग परीक्षेला बसावे, असे या लेखात सुचवायचे आहे.

गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत असे संकेतस्थळ शोधायला लांब जावे लागत नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल आणि केरी या गावांतून होमस्टे, योगवर्ग, शॅक आणि भाड्याची वाहने यांचे व्यवहार चालतात. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी होऊन ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली आणि त्याच उद्घाटनाच्या दिवशी धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्रही सुरू झाले. डिचोलीची गोष्ट वेगळी आहे. लोहखनिजाच्या खाणींवर उभे राहिलेले तेथील अर्थकारण २०१२ साली आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यामुळे मार्च २०१८ मध्ये थांबले, तेव्हा ट्रकवर, बार्जवर आणि गॅरेजवर पोट असलेल्या अनेक घरांना दुसरा धंदा पाहावा लागला. मयेचे तळे, नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देवालय आणि हरवळ्याची लेणी पाहायला येणाऱ्यांची सोय करणारे, काजू विकणारे, चवथीच्या मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळा चालवणारे, असे कितीतरी लहान व्यावसायिक तालुक्यात आहेत आणि त्यांपैकी ज्यांनी पुतण्याकडून किंवा भाचीकडून संकेतस्थळ करून घेतले आहे, त्यांतल्या फार थोड्यांनी त्याची आकडेवारी कधी उघडून पाहिली असेल.

साधनाची घडण

वर्दळ मोजण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्या सर्व्हरची नोंदवही वाचण्याची. प्रत्येक मागणीची एक ओळ त्या वहीत उमटत असे आणि त्या ओळी मोजून अहवाल तयार होत असे. आजची बहुतेक साधने दुसऱ्या रीतीने चालतात. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानात काही ओळींचा एक संकेत, ज्याला टॅग म्हणतात, बसवलेला असतो. पान उघडताच तो टॅग वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक छोटी नोंद ठेवतो आणि तोच ब्राउझर पुन्हा आला की त्या नोंदीवरून त्याला ओळखतो. येथे ओळख पटते ती ब्राउझरची. एकाच माणसाने सकाळी फोनवर आणि रात्री लॅपटॉपवर तेच पान पाहिले तर यंत्राच्या हिशेबी सहसा ती दोन माणसे होतात, आणि एका घरातल्या चौघांनी एकच फोन वापरला तर चौघांचा एकच होतो. अहवालातील ‘यूजर’ हा शब्द वाचताना एवढे मनात पक्के असले म्हणजे पुढच्या निम्म्या चुका टळतात.

या क्षेत्रात सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्स. त्याचे मूळ अर्चिन नावाच्या अमेरिकन कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असून गूगलने ती कंपनी २००५ साली विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे साधन विनामूल्य खुले केले. सध्याची आवृत्ती चौथी, जिला सर्वजण जीए-फोर म्हणतात. ती ऑक्टोबर २०२० मध्ये आली, आणि तिच्या आधीच्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेणे थांबवले. दोन्हींतील भेद तांत्रिक वाटला तरी मुळाशी जाणारा आहे. जुन्या आवृत्तीत पान हे मोजणीचे एकक होते; नव्या आवृत्तीत पान उघडणे, खाली सरकवणे, दुव्यावर बोट टेकवणे, फाइल उतरवून घेणे अशी प्रत्येक कृती हा एक ‘इव्हेंट’, म्हणजे घटना, मानला जातो आणि अशा घटनांच्या सलग मालिकेला सत्र म्हणतात, जे ३० मिनिटे काहीच हालचाल झाली नाही तर संपले असे धरले जाते. जे सत्र १० सेकंदांहून अधिक टिकते, किंवा ज्यात दोन पाने उघडली जातात, किंवा मालकाने महत्त्वाची ठरवलेली एखादी घटना घडते, त्याला रस घेतलेले सत्र म्हणतात. परीक्षेत ही व्याख्या हमखास विचारतात. प्रत्यक्षात मात्र १० सेकंद ही फार सैल चाळणी आहे, कारण रेंज मंद असेल तर मोठे छायाचित्र दिसेपर्यंतच तेवढा वेळ जातो.

या आवृत्तीबदलाचा पेडण्याशी थेट संबंध आहे. मोपाची विमाने जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि मोजपट्टी जुलै २०२३ मध्ये बदलली. मोरजीच्या एखाद्या होमस्टेवाल्याने आता असे विचारले की विमानतळ झाल्याने संकेतस्थळावरची वर्दळ वाढली का, तर २०२२ चे आकडे जुन्या पट्टीचे आणि २०२४ चे नव्या पट्टीचे असल्यामुळे त्यांची वजाबाकी करता येत नाही: जुनी आवृत्ती मध्यरात्री सत्र तोडून नवे धरत असे, नवी तसे करीत नाही, आणि दोन्हींच्या मुख्य अहवालांतील ‘यूजर’ही एकाच अर्थाचे नाहीत. शिवाय जुन्या आवृत्तीतील आकडे पाहण्याची सोयच जुलै २०२४ पासून बंद झाली. ज्यांनी ते त्यापूर्वी उतरवून ठेवले नाहीत, त्यांचा २०२२ सालचा हिशेब कायमचा गेला. अशा मालकाला विश्लेषकाने खोटी तुलना करून देऊ नये आणि आरक्षणाच्या वहीकडे वळावे, कारण तेथील मोजपट्टी मधल्या काळात बदललेली नसते.

मांडणी करताना

नवे खाते उघडण्यापूर्वी ते कोणाच्या ईमेलवर उघडायचे, हा प्रश्न सोडवावा. शिकाऊ विद्यार्थी सोयीसाठी स्वतःच्या ईमेलवर खाते काढतो, वर्षभराने पणजीला किंवा पुण्याला नोकरीला जातो, आणि मालकाच्या हाती स्वतःच्याच धंद्याची आकडेवारी राहत नाही. हे इतक्या ठिकाणी घडते की त्याला अपघात म्हणता येणार नाही. खाते नेहमी मालकाच्या ईमेलवर असावे. काम करणाऱ्याला त्यात परवानगी द्यावी, आणि या परवानग्या नुसते पाहण्यापासून सर्वाधिकारापर्यंत पायऱ्यांच्या असल्यामुळे शिकणाऱ्याने सुरुवातीला पाहण्याचीच मागावी, म्हणजे चुकून काही मोडण्याची भीती राहत नाही.

त्यानंतर पाहायचे ते वेळेचे सेटिंग. खाते उघडताना ते बदलले नाही तर पुष्कळदा अमेरिकेतील लॉस एंजेलिसची वेळ तशीच राहते, आणि तेथील मध्यरात्र म्हणजे भारतातील दुपारचा साडेबाराचा किंवा, तिकडे हिवाळा असताना, दीडचा सुमार. म्हणून रविवारी सकाळी मुंबईहून आलेली चौकशी अहवालात शनिवारच्या खात्यात पडते. शनिवार-रविवारच्या गर्दीवर चालणाऱ्या धंद्याचा सगळा आठवडाच अशा अहवालात सरकलेला असतो. भारतीय वेळ आणि रुपये ही दोन्ही सेटिंगे पहिल्याच दिवशी करावीत, कारण वेळ नंतर बदलली तरी मागचे आकडे सुधारत नाहीत. तपशीलवार शोधासाठी ठेवल्या जाणाऱ्या नोंदींची मुदत मुळात दोन महिन्यांची असते, ती १४ महिन्यांची करून घ्यावी. गोव्याच्या हंगामाची मागच्या हंगामाशी सविस्तर तुलना करायची तर एवढी तरी मुदत हवीच.

मालक स्वतः दिवसातून दहा वेळा आपले पान उघडून पाहत असेल तर लहान संकेतस्थळाच्या आकड्यांत त्याचाच वाटा मोठा होतो. यासाठी अंतर्गत वर्दळ गाळणारी चाळणी साधनात तयार असते, परंतु ती चाचणीच्या अवस्थेत दिलेली असून हाताने चालू करावी लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ही चाळणी इंटरनेट-जोडणीला मिळणाऱ्या आयपी क्रमांकावर काम करते आणि मोबाइल डेटावर तो क्रमांक बदलत राहत असल्यामुळे घरच्या ब्रॉडबँडवर ती जितकी उपयोगी पडते तितकी फोनवर पडत नाही. त्याच कारणाने गावनिहाय अहवालही जपून वाचावा; डिचोलीतून पाहणारा माणूस त्यात मुंबईचा किंवा बेंगळुरूचा म्हणून दिसू शकतो.

या भागातील धंद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, आणि तयार पाठांत सहसा न आढळणारी, अडचण वेगळीच आहे. पाठ्यपुस्तकातील ग्राहक टोपली भरतो, कार्डाने पैसे देतो आणि ‘धन्यवाद’ लिहिलेल्या पानावर पोचतो, तर मांद्र्याच्या होमस्टेचा ग्राहक पान पाहतो आणि फोन लावतो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर भाव विचारतो. व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा दुसऱ्या संकेतस्थळाकडे नेणारा असल्याने बाहेर जाणाऱ्या दुव्याची घटना म्हणून तो आपोआप नोंदला जातो. फोन नंबरावर बोट टेकवल्याची नोंद मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी गूगल टॅग मॅनेजर हे जोडसाधन वापरून तशी घटना स्वतंत्रपणे बांधावी लागते. टॅग मॅनेजर म्हणजे संकेतस्थळाच्या मूळ मांडणीला हात न लावता टॅग बसवण्याची आणि काढण्याची एक पेटी. या दोन घटना नीट नोंदल्या जाऊ लागल्या की त्यांनाच ‘की इव्हेंट’, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने निर्णायक घटना, म्हणून खूण करावी. २०२४ पर्यंत याच गोष्टीला अ‍ॅनालिटिक्समध्ये कन्व्हर्जन म्हणत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तो शब्द आढळेल. अर्थात बोट टेकवले म्हणजे बोलणे झाले असे नाही, आणि बोलणे झाले म्हणजे खोली गेली असेही नाही; म्हणून महिन्यातून एकदा या घटनांचा आकडा मालकाच्या फोनवर प्रत्यक्ष आलेल्या चौकश्यांशी ताडून पाहावा. आरक्षणे घेणाऱ्या मोठ्या पोर्टलांवर झालेली आरक्षणे तर या अहवालात दिसतच नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपची आणखी एक मेख आहे. त्यावरून पाठवलेला दुवा कोणी उघडला तर तो माणूस कोठून आला हे साधनाला बहुधा कळत नाही, आणि ज्याचा उगम कळत नाही त्याला ते ‘डायरेक्ट’ या सदरात टाकते, जणू त्याने पत्ता पाठ करून स्वतः टंकला. यावर उपाय म्हणजे दुव्याच्या शेवटी यूटीएम खुणा जोडणे. या नावातले पहिले अक्षर अर्चिन कंपनीचे आहे. दुवा कोठे ठेवला, कोणत्या प्रकारच्या माध्यमात ठेवला आणि कोणत्या मोहिमेसाठी ठेवला, या तीन खुणा पुरेशा होतात; मेनूकार्डावरचा क्यूआर कोड, टॅक्सीतील पत्रक आणि नातेवाइकांच्या गटात पाठवलेला संदेश यांना वेगवेगळ्या खुणा दिल्या की कोणी किती माणसे आणली ते उघड होते. रोमन लिपीतील मोठी आणि लहान अक्षरे साधन वेगळी समजते, त्यामुळे सर्व खुणा लहान अक्षरांतच लिहिण्याची शिस्त ठेवावी, आणि आपल्याच संकेतस्थळावरील एका पानातून दुसऱ्या पानाकडे जाणाऱ्या दुव्यांना त्या कधीही जोडू नयेत, कारण मग पाहुण्याचा मूळ उगम पुसला जातो.

दोन नावांची गावे

गूगल सर्च कन्सोल हे दुसरे विनामूल्य साधन संकेतस्थळावर येण्यापूर्वीची हकिगत सांगते: लोकांनी काय शोधले, तेव्हा आपले पान किती वेळा समोर आले, कितव्या क्रमांकावर आले आणि त्यावर कितींनी बोट टेकवले. नोंदी १६ महिन्यांच्या मिळतात. गोव्यात त्यांचे मोल अधिक आहे, कारण येथील गावांना बोलण्यातले एक आणि पोर्तुगीज राजवटीतील रोमन लेखनातून आलेले दुसरे, अशी दोन-दोन नावे आहेत. डिचोली कोंकणीत दिवचल होते आणि रोमन पाटीवर बिचोलिम. पेडणे पर्नेम होते, हरमल आरंबोल, साखळी सँक्वेलिम आणि तेरेखोल तिराकोल. बाहेरून येणारा पर्यटक रोमन रूप शोधणार, सावंतवाडी-दोडामार्गकडचा माणूस देवनागरीत हरमल असे टंकणार किंवा तेच नाव रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिणार, आणि पान ज्या एका रूपात लिहिले असेल तेवढ्याच वाचकांना ते सहज सापडणार.

शिकणाऱ्याने पहिला अभ्यास म्हणून सर्च कन्सोलमधील शोधशब्द उतरवून घ्यावेत, त्यांचे लिपीनुसार आणि नावाच्या रूपानुसार गट पाडावेत आणि कोणत्या गटात पान समोर येते पण उघडले जात नाही ते पाहावे. भौगोलिक मानांकन मिळालेली हरमलची मिरची विकणाऱ्याच्या पानावर रोमन रूपाने आलेली माणसे बहुधा समुद्रकिनारा शोधत असतात आणि देवनागरीत आलेली मिरची. दोघांना एकाच सरासरीत घातले तर मिरचीचे पान नापास झालेले दिसेल आणि ते चुकीचे असेल. फार विरळ शोधशब्द गोपनीयतेसाठी झाकले जात असल्याने यादीतील शब्दांची बेरीज एकूण आकड्यापेक्षा कमी भरते, तेव्हा हिशेब जुळत नाही म्हणून घाबरू नये.

थोड्या आकड्यांचा मोह

प्रमाणपत्रांच्या पाठांतील उदाहरणे रोज हजारो भेटी येणाऱ्या दुकानांची असतात आणि तेथे टक्केवारीत बोलणे योग्यच असते. मये तळ्याजवळच्या एखाद्या लहान निवासाला आठवड्याला ६० सत्रे येत असतील, त्यांतून एका आठवड्यात तीन चौकश्या आल्या आणि पुढच्या आठवड्यात सहा, तर अहवालात चौकश्यांचे प्रमाण पाच टक्क्यांवरून दहावर गेलेले, म्हणजे दुप्पट झालेले दिसेल. एवढ्या लहान संख्यांत असा फरक केवळ योगायोगाने सहज पडतो. सरासरी साडेचार धरली तर एका आठवड्यात तीन आणि दुसऱ्यात सहा येणे यात नवल काहीच नाही. मधल्या काळात बदललेल्या छायाचित्राला त्याचे श्रेय देणारा विश्लेषक पुढच्या आठवड्यात चौकश्या दोनवर आल्या की तोंडघशी पडतो. लहान धंद्याचे आकडे आठवड्याचे न पाहता महिन्याचे, आणि शक्य तेथे पूर्ण हंगामाचे पाहावेत. किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यापूर्वी उतरवले जातात, तेव्हा मेची जूनशी तुलना करून घसरण झाल्याचे मालकाला सांगणे म्हणजे पाऊस पडला असे सांगणे होय.

मागच्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करण्याची सोय साधनात आहे, पण तीही डोळे मिटून वापरता येत नाही, कारण साधन तारखेने चालते आणि गोमंतकीय बाजार तिथीने. चवथ २०२४ साली ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. मूर्तींची मागणी नोंदवून घेणाऱ्या चित्रशाळेच्या किंवा माटोळीचे सामान पुरवणाऱ्याच्या संकेतस्थळाचे दोन्ही वर्षांचे ऑगस्ट महिने शेजारी ठेवले तर धंदा एकाएकी भरभराटीला आल्यासारखा वाटेल आणि सप्टेंबर ठेवले तर बुडाल्यासारखा. अशा वेळी चवथीच्या आधीचे ४० दिवस हा कालखंड धरून दोन्ही वर्षांच्या तारखा हाताने भराव्यात. शिगमा, दिवाळी आणि दसऱ्यानंतरची पेडण्याची पुनव यांनाही तोच न्याय लागू आहे, आणि हे पंचांग सोबत घेऊन अहवाल वाचण्याचे काम परक्या देशात तयार झालेला कोणताही पाठ शिकवणार नाही.

प्रमाणपत्रांकडे वळताना

एवढी पूर्वतयारी झाल्यावर परीक्षा सोपी वाटते. गूगलची प्रमाणपत्रे स्किलशॉप या त्याच्या शिक्षणमंचावर मिळतात. अ‍ॅनालिटिक्सची परीक्षा विनामूल्य असून तिच्यात ५० प्रश्न ७५ मिनिटांत सोडवायचे असतात, उत्तीर्ण होण्यासाठी ८० टक्के, म्हणजे ४० उत्तरे बरोबर लागतात, नापास झाल्यास एक दिवस थांबून पुन्हा बसता येते आणि प्रमाणपत्र १२ महिने चालते. सरावासाठी गूगल आपल्या वस्तुविक्रीच्या दुकानाचे नमुना-खाते सर्वांना पाहण्यास खुले ठेवते, ज्यात गोव्यातल्या लहान संकेतस्थळावर कधीच न दिसणारे मोठे आकडे आणि संपूर्ण खरेदीचा प्रवास पाहता येतो. हे खाते आणि ओळखीतले खरे संकेतस्थळ आळीपाळीने पाहणे हा अभ्यासाचा उत्तम मार्ग होय. साहित्य बहुतांशी इंग्रजीत असल्याने प्रत्येक संज्ञेपुढे तिचा अर्थ स्वतःच्या मराठीत दोन ओळींत लिहिलेली वही ठेवावी. घरच्या भाषेत जी संज्ञा समजावता येत नाही, ती पुरती समजलेली नसते.

जाहिरातींसाठी गूगल अ‍ॅड्सची प्रमाणपत्रे शोध, प्रदर्शन, चित्रफीत, खरेदी अशा प्रकारांनुसार वेगवेगळी आहेत. निवासव्यवस्थेच्या धंद्यासाठी शोधजाहिरातींचे प्रथम करावे, बाकीची गरज पडल्यावर. हबस्पॉट अकादमीचे इनबाउंड मार्केटिंगचे प्रमाणपत्रही विनामूल्य असून ग्राहकाच्या मागे लागण्यापेक्षा उपयुक्त मजकुराने त्याला आपल्याकडे आणण्याची पद्धत त्यात शिकवतात. मेटा कंपनीच्या, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या, प्रमाणपत्रांना शुल्क पडते आणि परीक्षा देखरेखीखाली होते. कोर्सेरावर २०२२ पासून असलेला गूगलचा डिजिटल मार्केटिंग आणि ई-कॉमर्सचा पाठ्यक्रम सशुल्क आहे, पण त्यासाठी आर्थिक साहाय्याचा अर्ज करता येतो. पदवीच्या विद्यार्थ्यांनी केंद्र सरकारच्या स्वयम् मंचाकडे आधी पाहावे: जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर शिकणे विनामूल्य आहे, परीक्षेला शुल्क असते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून घेण्याची मुभा विद्यापीठांना आहे. विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय असो की डिचोलीचे नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय, आपला निवडलेला अभ्यासक्रम श्रेयांकांसाठी धरला जाईल का, हे नोंदणीपूर्वी कार्यालयात विचारून घेणे हिताचे.

विनामूल्य परीक्षेच्या तयारीसाठी हजारो रुपये घेणारे वर्ग सर्वत्र आहेत. शिकवणाऱ्याने खऱ्या संकेतस्थळावर काम करून घेतले तर शुल्काला अर्थ आहे. प्रश्नोत्तरांची तयार पाने हाती देणार असेल तर ती इंटरनेटवर फुकट पडलेली असतात आणि मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असतात. म्हणूनच पणजी, पर्वरी किंवा म्हापशातील एजन्सीत अर्ज करताना प्रमाणपत्राच्या सोबत दोन पानांचे टिपण जोडावे: संकेतस्थळ कोणाचे (मालकाच्या परवानगीने), मालकाचा प्रश्न काय होता, त्यासाठी कोणत्या घटना बांधल्या, आकडे काय निघाले आणि कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही व का. यांतला शेवटचा भाग बहुतेक उमेदवार लिहीत नाहीत, आणि मुलाखतीत विचारायला सर्वांत अधिक तोच सापडतो.

परवानगी आणि संमती

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. विदा म्हणजे माहितीच्या नोंदी; त्या ज्या व्यक्तीच्या असतात तिची संमती मागताना मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देणे कायद्याला अपेक्षित आहे आणि त्या अनुसूचीत मराठी व कोंकणी दोन्ही आहेत. गोव्यातील संकेतस्थळांवर संमतीची सूचना इंग्रजीतच टाकून मोकळे होण्याची जी सवय दिसते ती यापुढे सोडावी लागेल. १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास आणि त्यांच्यावर नेमक्या जाहिराती रोखण्यास याच कायद्याने मनाई केली असल्याने शाळेच्या किंवा क्रीडावर्गाच्या संकेतस्थळावर जाहिरातींचे टॅग बसवण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

तांत्रिक बाजूने एक चूक फार आढळते. चौकशीचा तक्ता अशा रीतीने बांधलेला असतो की भरलेले नाव आणि फोन नंबर पुढच्या पानाच्या पत्त्यातच उमटतात. अ‍ॅनालिटिक्स पानाचा पत्ता जसाच्या तसा टिपत असल्यामुळे ते नाव-नंबर अहवालात जाऊन बसतात, जे गूगलच्या अटींनाही मान्य नाही. नवे संकेतस्थळ हाती आले की पानांच्या पत्त्यांच्या यादीत दहा अंकी आकडे शोधून पाहावेत. सापडले तर तक्ता बांधणाऱ्याकडून तो दुरुस्त करून घ्यावा आणि मगच बाकीचे आकडे उघडावेत. काम सोडून जाताना यूटीएम खुणांची वही, टॅग मॅनेजरमधील घटनांची यादी आणि वेळापत्रकाने जाणारे अहवाल मालकाच्या हवाली करावेत, मालकासमोर बसून आपला ईमेल परवानगीच्या यादीतून काढून टाकावा आणि त्याच्या फोनवर खाते उघडते आहे एवढे पाहून उठावे.